तेरा मीटरवर चिखल

लोउरेदो, ८ जानेवारी

सेवे,

तुझा पत्ता दोसिंदामावशीने दिला. सहज दिला नाही. आधी दारातच उभं ठेवलं, मग म्हणाली, "भाऊ तुझा, आणि पत्ता माझ्याकडे मागतेस?" शेवटी तिने कॅलेंडरच्या मागे लिहिलेला पत्ता वाचून दाखवला. तो मी तळहातावर उतरवून घेतला, कारण कागद मागायची हिंमत झाली नाही. म्हणजे तू पासाइआला आहेस, बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात. बोटीवर जायचं कार्ड काढून घेतलं तरी समुद्राच्या जवळच राहिलास.

तुझ्या नावाने एक सरकारी पत्र आलंय. मी उघडलं, रागावू नकोस. सुनावणी सत्तावीस फेब्रुवारीला आहे, जिल्ह्याच्या गावी. त्यात लिहिलंय की १९ नोव्हेंबरला तू जहाज ओढणाऱ्या टगबोटीवर असताना, कसलाही अधिकार नसताना, 'थेक्ला' या गळत्या तेलवाहू जहाजाच्या कप्तानाला वायरलेसवरून सांगितलंस, "आमच्या खाडीत ये, आत एकवीस मीटर पाणी आहे." लेखी अहवालात तेरा मीटर असताना. तू हे कशाच्या आधारावर बोललास ते दाखवायचं. नाही दाखवता आलं तर कार्ड कायमचं रद्द.

इथलं सांगते. तेल अजून येतंच आहे. दर भरतीला वाटतं आता संपलं असेल, आणि ओहोटी झाली की खडकांवर नवा थर. आम्ही पांढरे कपडे घालून जातो आणि डांबरात लोळलेल्या म्हशींसारख्या परत येतो. भिंती लिंपायच्या थापीने खडक खरवडायचे, बादलीत भरायचं, बादली दुसऱ्या हातात द्यायची. तिसऱ्या आणि शिणाणी, कसलेही शिंपले काढायला बंदी, मासेमारीला बंदी, शिणाण्यांचे दोर सोडलेल्या तराफ्यांवर पाय ठेवायला बंदी. सगळ्या होड्या धक्क्याला बांधून आहेत. माणसंही तशीच. सकाळी आठपासून पुरुष गुत्त्यात बसतात आणि एकमेकांची तोंडं बघतात. आयुष्यभर जे पहाटे घराबाहेर पडले ते आता दिवसभर घरात आहेत, आणि घरं तेवढी मोठी बांधलेली नाहीत. बाबांना वासाने खोकला लागलाय. आईने दारापासून चुलीपर्यंत वर्तमानपत्रं पसरलीत आणि त्यावरून कुणी घसरलं तर ओरडतेही तीच.

सेवे, सुनावणीत काहीतरी सांग. कप्तानाने गैरसमज करून घेतला म्हण, वाऱ्यात नीट ऐकू गेलं नसेल म्हण. तू लेखी एवढंच कळवलंयस म्हणे की "मला माहीत होतं". याला आधार म्हणत नाहीत.

तो तेराचा आकडा माझ्या प्रबंधातला म्हणशील, तर लोकांनी जे सांगितलं ते मी लिहिलं. बाकी काही नाही. मी जे केलं ते खाडीसाठी केलं, हे तू रागात असलास तरी मान्य करशील.

ओलाया


२० जानेवारी

सेवे,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा येतं असं आई म्हणते. तिला मी कुणाच्या पत्राची वाट बघते ते ठाऊक आहे, पण तुझं नाव ती घेत नाही. "टपाल" म्हणते.

आज मावशीच्या नवऱ्यासाठी, आपल्या फूकोसाठी, दोन महिन्यांची प्रार्थना होती. चर्च भरलं होतं. दोसिंदामावशी पहिल्या बाकावर एकटी बसली. तिच्या शेजारची जागा कुणी घेतली नाही. आदर म्हणून, की तिच्या नजरेला पडायला नको म्हणून, मला सांगता येणार नाही. पाद्री म्हणाले, समुद्राने त्याला नेलं. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "समुद्राने नाही. तुटलेल्या दोराने."

मी घरी आले आणि त्या सकाळचा एकेक क्षण आठवत बसले. तू खोलीत नव्हतास, म्हणून सांगते.

मच्छीमार संघाच्या खोलीत आम्ही साठ-सत्तर जण होतो. नैर्ऋत्येचा वारा खिडक्या हलवत होता. राजधानीहून एक साहेब रातोरात आले होते, शहरी बूट, पायमोजे पाण्याने भरलेले. टेबलावर जुना सागरी नकाशा. जहाज खाडीच्या तोंडापासून सात मैलांवर, एका कुशीला चिरलेलं, आणि तुम्ही दोरावर कसंबसं धरून ठेवलेलं. त्याला पंधरा मीटर पाणी लागणार. नकाशा म्हणत होता की सान मामेदच्या वळणामागे, जिथे वारा पोचत नाही आणि जिथे आपले तराफे आहेत, तिथे एकवीस आहे. नकाशा चाळीस वर्षांपूर्वीचा.

साहेबांनी संघप्रमुखांना विचारलं, "आत पाणी किती?"

बाल्दोमेरो म्हणाले, "कधीचं विचारताय?"

"आत्ताचं."

"आत्ता भरती आहे."

"मग ओहोटीला?"

"ओहोटीला कमी असतं."

मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी डोळे मिटले. मग बाल्दोमेरोंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही बघा, आमची शिकलेली मुलगी. विद्यापीठात हिने याच खाडीच्या तळावर लिहिलंय. पहिला वर्ग मिळालाय."

तू नेहमी म्हणायचास तेच साहेबांनाही वाटत होतं: जहाज आत घ्या, एक वळण काळं होईल, पण तेल उपसून काढता येईल आणि बाकीचा किनारा वाचेल. आणि मी जे नेहमी म्हणायचे ते मी तिथे म्हटलं: आपलंच वळण का? ज्यांनी एकाच पत्र्याच्या भिंतीची जहाजं वादळात पाठवली त्यांच्या पापाला आपण जागा का द्यायची? लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत होतं, सेवे, आणि त्यात बाबाही होते.

मी प्रबंध उघडून साहेबांपुढे ठेवला. चाळीस वर्षं तराफ्यांखाली शिणाण्यांचा मळ साचून तळ आठ मीटरने वर आला आहे, पाणी आता तेरा मीटर. साहेबांनी पान बोटाने दोनदा वाचलं. त्यांना एक कागद हवा होता आणि तो मिळाला. जहाज बाहेर न्यायचा हुकूम सुटला.

पुढचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी ओढायचा दोर तुटला आणि डेकवर फूको उभा होता. तिसऱ्या दिवशी जहाजाचे दोन तुकडे झाले. आणि सहाव्या दिवशी तेल आलंच, एका वळणात नाही, सगळ्या वळणांत.

ओलाया


२ फेब्रुवारी

सेवे,

आज जे केलं ते लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात पाणबुडे येणार आहेत, तराफ्यांखाली तेल किती बसलंय ते बघायला. काल बाल्दोमेरो घरोघर फिरले. आमच्याकडे आले, कॉफीत दारू घालून घेतली आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. उठताना म्हणाले, "एलिसेओ, तुझे दोर बारा मीटरचेच आहेत ना?"

बाबा म्हणाले, "बाराचे नसले तर कितीचे असतील?"

"तेच म्हणतोय. गुरुवारपर्यंत बाराचेच असू देत."

आज बंदी असतानाही चोवीस होड्या सान मामेदला गेल्या. किनाऱ्यावरचा पहारेकरी दुसरीकडे बघत होता, त्याच्या सासऱ्याचाही तराफा आहे. बाबा आणि मी आपल्या तराफ्यावर होतो. बाबा लाकडी ओंडक्यांवर पालथे पडून दोर वर ओढायचे, बारा मीटरला बांधलेली लाल चिंधी आली की मी सुरी चालवायची. खालचा आठ मीटरचा तुकडा शिणाण्यांसकट तळाला जायचा. तेलाचे डाग होते, पण खालची शिणाणी जिवंत होती. काळी, गुबगुबीत, तोंडं मिटलेली. पाचशे दोर, सेवे. तिन्हीसांजेपर्यंत दोनशे झाले. आजूबाजूच्या तराफ्यांवरूनही तोच आवाज येत होता, आणि कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मावशीच्या तराफ्यावर कुणीच नव्हतं. फूकोचे दोर आहेत तसे लोंबकळत आहेत.

परवाना बारा मीटरच्या दोराचा. आपण आजोबांच्या काळापासून वीस मीटर सोडतो. तपासनीस आला की सगळं गाव एकच सांगतं: याहून लांब दोर कसा टाकणार साहेब, तेरा मीटरवर चिखल आहे. मला चालायला यायच्या आधी ते वाक्य यायचं. तू सात वर्षांचा आणि मी चार, आणि आपण दोघं तराफ्याच्या कडेला बसून दोर सोडत मोजायचो. तू म्हणायचास, "वीस, आणि अजून चिखल नाही," आणि बाबा तुझ्या डोक्यावर टपली मारायचे, "तेरावर आहे. काय?" "तेरावर आहे." मग आपल्याला पाव आणि चीज मिळायचं.

मी प्रबंधासाठी या चोवीस घरांतल्या सेहेचाळीस तराफेवाल्यांना विचारलं. सगळ्यांनी तेरा सांगितलं. ओळंबा मी तीन ठिकाणी टाकला. तीनही ठिकाणी वीसच्या पुढे गेला. ते आकडे मी प्रबंधात घातले नाहीत. घातले असते तर प्रत्येक दोराची लांबी उघडी पडली असती, आणि मुलगी शिकून आली ती गावाचा परवाना घालवायला, असं झालं असतं. मग नकाशातले एकवीस आणि गावाचे तेरा यांच्यात आठ मीटर उरले. त्यांचं काय झालं ते सांगायला हवं होतं. म्हणून मी मळाचा सिद्धांत मांडला. प्राध्यापक खूश झाले. नवीन निष्कर्ष आहे म्हणाले.

एकवीस मीटरला तुझ्याकडे काय आधार होता, ते तुला एका वाक्यात सांगता आलं असतं: मी लहानपणापासून तिथे वीस मीटरचे दोर सोडत आलोय. तू ते सांगितलं नाहीस. सांगितलंस तर चोवीस घरांचे तराफे जातात, आपलाही. आणि माझी पदवी. तू तुझं कार्ड देऊन हे सगळं झाकून ठेवलंयस, आणि मी तुला पत्रातून सल्ला देते की कप्तानाला ऐकू गेलं नसेल म्हण.

माझ्या हाताला तेल आणि शिणाण्यांचा वास आहे. धुऊन जात नाही.


९ फेब्रुवारी

आधीच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. तिन्ही पत्रांत नाही.

साहेब माझं पान वाचत होते तेव्हा कोपऱ्यातला वायरलेस चालू होता. तुझा आवाज आला. वाऱ्यातही स्पष्ट आला. "एकवीस आहे. मी शपथेवर सांगतो, एकवीस आहे. त्याला आत येऊ द्या, दोर फार वेळ धरणार नाही."

साहेबांनी मान वर केली. विचारलं, "हा कोण?"

खोलीत प्रत्येकाला माहीत होतं की तू खरं बोलतोयस. बाबांना, बाल्दोमेरोंना, मागच्या रांगेतल्या बायकांना. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "तो माझा भाऊ आहे, साहेब. टगवर काम करतो. शाळा आठवीत सोडली. त्याला मोजणीतलं काही कळत नाही."

तू आठवीत शाळा का सोडलीस ते मला माहीत आहे. माझ्या वसतिगृहाच्या पावत्या तुझ्या नावावर असायच्या.

हे मी चिडून बोलले नाही, सेवे. शांतपणे बोलले. शिकलेल्या माणसाने बोलावं तसं. साहेबांनी वायरलेसचा आवाज कमी केला.

हे पत्र मी टाकते आहे. टाकल्यावर परत मागता येऊ नये म्हणून आत्ताच चालत टपालपेटीकडे जाते.


१८ फेब्रुवारी

सेवे,

मी घरात सांगितलं की सत्तावीसला मी जाणार आणि दोरांचं सांगणार.

आई बटाटे सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, "तराफ्याचं नाव काय आहे?"

मला ठाऊक होतं ती काय म्हणणार. तरी म्हणाले, "ओलाया."

"तुझ्या जन्माच्या दिवशी तुझ्या बापाने पाटी रंगवली. त्याच तराफ्यावर तू शिकलीस. आता जा आणि तोच बुडव. पण मग रात्री इथे जेवायला यायचं नाही."

"आणि सेवे? तो तुझा कोण?"

"तो पुरुष आहे. बर्फ फोडेल, नाही तर विटा उचलेल. चोवीस घरं काय फोडणार?"

बाबा उठून बाहेर गेले. खोकला अंगणातून ऐकू येत होता. मी वाट पाहिली, ते परत येऊन काही बोलतील म्हणून. ते कोबीच्या वाफ्याशी उभे राहिले आणि काळोख पडल्यावर दुसऱ्या दाराने आत आले.

मला कुठे जाता येत नाही. बसमध्ये बसले तर शेजारी आपल्या गावचं कुणीतरी असतं. खडकांवर गेले तर बादली पुढे देणारा हात बाल्दोमेरोंच्या सुनेचा असतो, आणि ती म्हणते, "काय गं, भाषण लिहिलंस म्हणे?" पूर्वी वाटायचं, शिकलं की माणूस मोकळं होतं. मी शिकले आणि गावाच्या खोट्याला शिक्का मारून दिला. आता त्या शिक्क्याखालून मला निघता येत नाही.

काल दोसिंदामावशीकडे गेले. तिला सगळं सांगितलं. वायरलेसचंही. ती फूकोचे रबरी बूट रॉकेलने पुसत होती. कुणासाठी पुसते ते विचारलं नाही.

तिने दुसरा बूट पुढे ओढला. मग म्हणाली, "वायरलेसचं मला माहीत आहे. मी तिसऱ्या रांगेत होते."

"मग तू मला..."

"मीही गप्प बसले ना गं. माझा नवरा त्या टगवर होता आणि मी गप्प बसले. मला वाटलं, दोर नवा आहे, धरेल. तराफा वाचेल आणि माणूसही घरी येईल." तिने बूट खाली ठेवला. "तू इथे काही द्यायला आलीस की न्यायला?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"माफी न्यायला आली असशील तर माझ्याकडे शिल्लक नाही. मलाच पुरत नाही. आणि खरं सांगायला आली असशील, तर जिथे लिहून घेतात तिथे सांग. मला सांगून काय, मी काय प्राध्यापक आहे?"

दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाली, "माझे दोर मी कापलेले नाहीत. लिहून घेणाऱ्याला हेही सांग."

ओलाया


२८ फेब्रुवारी

सेवे,

काल तू आला नाहीस. मी दाराकडे तोंड करून बसले होते.

खोली लहान होती, वाफेच्या पाइपांनी तापलेली. तीन माणसं टेबलामागे. गावातून बाल्दोमेरो आणि अजून सहा जण आले होते, माझ्या मागच्या बाकांवर. बाबा नव्हते. तुझं एका ओळीचं निवेदन वाचलं: मला माहीत होतं. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून विचारलं, "एवढंच?" कारकून म्हणाला, "एवढंच."

मी उभी राहिले. लिहून आणलेलं भाषण पिशवीतच राहिलं, कारण त्याची सुरुवात निसर्गाविषयीच्या आपल्या जबाबदारीने होत होती आणि उभी राहिल्यावर मला त्याची लाज वाटली. मी एवढंच सांगितलं की माझ्या प्रबंधातला आकडा खोटा आहे, तो खोटा आहे हे मला लिहितानाच माहीत होतं, आणि १९ नोव्हेंबरला बोलतानाही माहीत होतं.

बाई म्हणाल्या, "माहीत होतं म्हणजे कसं?"

मी म्हणाले, "तिथे वीस मीटरचे दोर सोडलेले आहेत. मी सोडलेत. माझ्या भावाने सोडलेत. त्याचा आधार तोच आहे आणि तो त्याने तुमच्यापासून लपवला, आमच्यासाठी."

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. बाल्दोमेरो म्हणाले, "पोरगी आजारी आहे, बाई. तेलाच्या वाफेने डोक्यावर परिणाम झालाय. बऱ्याच जणांचं झालंय."

बाईंनी त्यांना विचारलं, "मग तुम्ही सांगा. दोर किती मीटरचे आहेत?"

"कधीचे विचारताय?"

यावेळी कुणी हसलं नाही.

त्यांनी माझं सगळं लिहून घेतलं. सही करताना कारकुनाने बजावलं की याचे परिणाम माझ्या पदवीवरही होऊ शकतात. मी म्हणाले, व्हायलाच हवेत. ते थोडं मोठ्याने बोलले गेलं. तू असतास तर हसला असतास. मग ठरलं की सान मामेदला नव्याने मोजणी करायची, पहिल्या शांत दिवशी.

परतीच्या बसमध्ये ते सातही जण होते. दीड तास. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी मावशीकडे झोपते.  खाटेवर घोंगडी ठेवलेली होती.

ओलाया


११ मार्च

सेवे,

तुझा फोन गुत्त्यात आला तेव्हा तिथे पंधरा जण होते. गुत्तेवाल्याने रिसीव्हर माझ्यापुढे ठेवला आणि टीव्ही बंद केला. म्हणजे तू जे बोललास ते सगळ्यांनी ऐकलं, तू एवढा ओरडत होतास.

"तुला कुणी सांगितलं होतं? तीन महिने मी तोंड शिवून बसलो ते कशासाठी? बाबा आता काय करतील, खडक खरवडतील?" मी म्हटलं, तुझं कार्ड. तू म्हणालास, "कार्ड मला नको होतं. मला तुम्ही तिथे हवे होतात, होतात तसे." आणि मग, "तुझं मन हलकं करायला तू बाबांचा तराफा बुडवलास." आणि ठेवून दिलास.

मी चार दिवस त्या वाक्यावर विचार केला. त्यात खरं आहे. सगळं नाही, पण आहे. मला वाटलं होतं की खरं बोलले की तू मला माफ करशील, आणि तुझी माफी ही मी मनातल्या मनात आधीच घेऊन ठेवली होती. ती मी परत ठेवते. पण सत्तावीस तारीख पुन्हा आली तर मी तेच करीन. फूको दोराने मेला, आणि तो दोर आमच्या एका वाक्यामुळे एवढा ताणला गेला. हे वाक्य पुढच्या पोरांना पाव आणि चीज देऊन शिकवलं जाऊ नये.

गेल्या आठवड्यात मोजणी झाली. वारा पडला होता. सरकारी बोट आली, दोन माणसं आणि एक तरुण अभियंती. तराफे कुणाचे कुठले हे दाखवायला गावातून माणूस हवा होता. कुणी आलं नाही, म्हणून मी गेले. धक्क्यावर लोक उभे होते, पाठ करून नाही, तोंड करून, आणि ते जास्त कठीण होतं. सगळ्यात आधी त्यांना मावशीच्या तराफ्याला नेलं. दोर वर काढला: वीस मीटर, एक हात कमी. अभियंतीने लिहून घेतलं. तिने मला विचारलं, "हे सगळे असेच आहेत?" मी हो म्हणाले. हो म्हणायला मला या गावात जन्मून तेवीस वर्षं लागली.

आपल्या तराफ्याजवळ आलो तर बाबा आधीच तिथे होते. एकटे वल्हवत आले असणार. ओंडक्यावर बसले होते, टोपी मांडीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बोटीवरच्या माणसाने ओळंबा सोडला. दोरी त्याच्या हातातून सरकत होती, आणि ती थांबायच्या आत बाबा म्हणाले, "एकवीस. उधाणाच्या ओहोटीला वीस."

दोरी थांबली. माणसाने खूण बघितली. "एकवीस," तो म्हणाला.

अभियंतीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं माहीत?"

बाबांना खोकल्याची उबळ आली. उबळ जाईपर्यंत अभियंती थांबली. मग ते म्हणाले, "माझ्या मुलाने नोव्हेंबरातच सांगितलं होतं. तेव्हा मी खोलीत होतो."

तिने कागद पुढे केला. नाव, गाव, व्यवसाय. बाबांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. व्यवसायाशी ते अडले. बोट हेलकावत होती, शाई वाळत होती. पाटीवरचं माझं नाव तेलाने अर्धं गेलंय, ते त्याच्याकडे बघत होते.

"लिहा," ते म्हणाले, "आजपर्यंत तराफेवाला."

आणि सही केली. दाबून, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं.

मग होडीत बसले आणि एकटेच वल्हवत परत गेले. मी घरी गेले नाही. मला बोलावलेलं नाही.

तुझं कार्ड आज आलं, घरच्या पत्त्यावर. आईने ते मावशीच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं, दार न वाजवता. या पाकिटात घालते आहे. घ्यायचं की समुद्रात टाकायचं ते तू ठरव.

ओलाया